कुलगुरू महोदय, ओजेटीच्या यादीत मजूर अड्डाही असू द्या

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू, अभ्यासमंडळांचे सदस्य आणि महाविद्यालयांतील ओजेटी समन्वयक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सत्रात आमच्या संघटनेत एक मुलगी ओजेटीला, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कार्यप्रशिक्षणाला, आली. बीड जिल्ह्यातली, एम.ए. समाजशास्त्र, दुसरं सत्र. आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की ते टोळीबरोबर कारखान्याला जायचे आणि ही आजीजवळ राहून शाळा करायची. पहिला आठवडा ती फारशी बोललीच नाही. दुसऱ्या आठवड्यात एक जोडपं हिशेबाची वही घेऊन ऑफिसात आलं. हंगामात ऊस तोडायचा आणि उरलेले महिने पुण्यात बिगारी काम करायचं, असं त्यांचं वर्ष. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली नाही, अंगावर बाकी आहे, असं म्हणून टोळीचा मुकादम रोज फोन करत होता. मी वीस वर्षं हे काम करते आहे. मी वही घेतली, बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या.

त्या मुलीने वही मागून घेतली, पानं उलटली आणि बाईला विचारलं, "ताई, दाजी आजारी होते त्या आठ दिवसांत तुम्ही फडात होता का?"

"होते की. जावेच्या जोडीला मोळ्या बांधत होते."

"मग खाडा अर्ध्या कोयत्याचा पाहिजे. ह्यांनी पुऱ्या कोयत्याचा लावलाय."

नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकाने सुट्टी घेतली की त्या दिवसाची तोड तर बुडतेच, वर खाड्याचा दंडही बसतो. हे मला माहीत होतं. पण वहीत ते कुठे लपतं हे मला दिसलं नाही, तिला दिसलं. तिच्या घरात दर वर्षी अशी वही आलेली होती.

चौथ्या आठवड्यात ती मुलगी आमच्याकडून गेली. दोन कारणं होती. पहिलं, तिच्या महाविद्यालयाने आमचा फॉर्म परत पाठवला. त्यात आस्थापनेचा जीएसटी क्रमांक आणि एचआर विभागप्रमुखाची सही हवी होती. आमच्याकडे कामगार संघटना कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आहे, सरचिटणीसांची सही आहे. ते चालणार नाही असं कळवण्यात आलं. दुसरं कारण तिने मान खाली घालून सांगितलं. मेसचे पैसे दोन महिने थकले होते. एका मॉलमध्ये बिलिंगचं काम मिळत होतं, महिन्याला पगार मिळणार होता आणि तिथला माणूस ओजेटीच्या कागदावर सहीही करणार होता. तिने तेच केलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

हे पत्र त्या फॉर्मबद्दल आणि त्या मेसच्या बिलाबद्दल आहे.

राज्यात २०२३ पासून पदव्युत्तर वर्गांना नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि चार श्रेयांकांचं (क्रेडिटचं) कार्यप्रशिक्षण, म्हणजेच ओजेटी, आलं. श्रेयांकाला तीस तास धरले तर १२० तास. पदवीलाही ओजेटी, क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग आला. मला याचा खरोखर आनंद झाला होता. आजवर समाजकार्याचे विद्यार्थी तेवढे आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याला यायचे. आता अर्थशास्त्राची, वाणिज्यची, मराठीची, संगणकशास्त्राची मुलंही काम बघायला बाहेर पडणार होती. वाटलं, आता कुणीतरी येऊन आमच्या सभासद नोंदणीची नीट एक्सेल शीट करून देईल, कुणी कष्टकऱ्यांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत लिहून काढेल. त्यातल्या चारदोघांना हेच आपलं काम असं वाटेल.

प्रत्यक्षात फोन आले ते असे: "मॅडम, यायला जमणार नाही. नुसतं सर्टिफिकेट देता का?" मी त्या मुलांवर चिडले नाही. हजारो विद्यार्थ्यांना एकाच सत्रात जागा शोधायला सांगितलं आणि जागा म्हणजे कंपनी असं गृहीत धरलं, तर तालुक्याच्या गावातलं मूल कुठे जाणार? तिथे कंपनी नाही. पण तिथे बाजार समितीतले हमाल आहेत, वीटभट्टी आहे, अंगणवाडी सेविका आणि आशाताई आहेत, बसस्थानकाबाहेरच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातपासून काम मिळायची वाट बघत उभे असलेले मजूर आहेत. काम आहे, कामगार आहेत. आपल्या यादीत मात्र ते नाहीत.

विद्यापीठाने कष्टकऱ्यांकडे जाणं हे काही मी आज नव्याने मागत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिचं मूळ एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागात आहे. साक्षरतेच्या कामासाठी त्या विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांकडे आणि त्यांच्या मुलांकडे गेल्या, त्यांच्याबरोबर कचरा वेचत फिरल्या. मुलांनी उकिरड्यावर जाऊ नये असं वाटत असेल तर आधी आईला चांगला, वेगळा केलेला कचरा मिळाला पाहिजे, हे त्यांना तिथे कळलं. सोसायटीत चोर समजून हाकलू नये म्हणून ओळखपत्र हवं, हे बायकांकडून कळलं. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि त्यांच्या हमाल पंचायतीचा अनुभव पाठीशी होताच. त्यातून संघटना झाली, पुणे महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेचा महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. पुण्यात राहणाऱ्या माणसाच्या दारात आज जी ताई कचरा घ्यायला येते, तिच्या कामाची सुरुवात एका विद्यापीठाच्या विभागात झालेली आहे.

असा विभाग आपल्या प्रत्येकाकडे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्ताराची तरतूद आहे. त्या विभागाचा फलक मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. आतमध्ये बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन नाहीतर केकचे वर्ग चालू असतात. तेही चालू द्या. पण ओजेटीच्या जागा शोधण्याचं काम एकेका प्राध्यापकाच्या डोक्यावर टाकण्यापेक्षा या विभागाला द्या. जिल्ह्यातल्या संघटना, हमाल-माथाडी कामगारांची माथाडी मंडळं, सहकारी संस्था, विधी सेवा प्राधिकरण, सरकारी कामगार अधिकाऱ्यांची कार्यालयं यांच्याशी एकदाच करार करून ठेवता येतो. वकिलीच्या विद्यार्थ्यांना हे मोकळं रान कधीपासूनच आहे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते, आणि ती कुठे करावी याच्या यादीत स्वयंसेवी संस्था आहेत, न्यायालयं आहेत, कंपन्या आहेत, स्थानिक स्वराज्य संस्थाही आहेत. मग समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला जीएसटी क्रमांक का मागायचा?

तिथे शिकायला काय मिळतं, असा प्रश्न मला एका समन्वयक सरांनी प्रामाणिकपणे विचारला होता. उत्तर सविस्तर देते.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ऐकायला सोपं आहे. पण अड्ड्यावरचा मजूर सोमवारी एका मुकादमाकडे असतो, मंगळवारी दुसऱ्याकडे, बुधवारी घरी. त्याला ९० दिवस कोण लिहून देणार? त्यामुळे ज्याच्यासाठी हे मंडळ निघालं तोच बाहेर राहतो, आणि ज्याने आयुष्यात घमेलं उचललं नाही त्याचे कागद कधी कधी चोख असतात. विद्यार्थी एका कामगारासाठी हा दाखला मिळवायला निघाला की दोन आठवड्यांत त्याला कंत्राट, उपकंत्राट, लेबर ठेकेदार आणि मूळ मालक यांची साखळी पायाने कळते. वर्गात ती फळ्यावर चौकोन काढून शिकवतात.

दुसरं उदाहरण ताजं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने केंद्रीय कायदे त्यात आले. तेव्हापासून आमच्याकडे रोज कुणीतरी विचारतं, "बाई, आता वर्षावरच ग्रॅच्युइटी मिळते म्हणतात. मला मिळेल का?" मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत सरसकट सगळ्यांना मिळते असं सांगितलेलं असतं. वर्षाची सवलत मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला आहे, कायम कामगाराला नाही. आता समोरच्या माणसाची नेमणूक कोणती हे त्याच्या पगारपत्रकावरून, असलंच तर नेमणूकपत्रावरून ओळखायचं. वाणिज्य शाखेच्या मुलाला याहून चांगला प्रकल्प कोणता देणार? त्याला कायदा वाचावा लागतो, हिशेब करावा लागतो आणि मग चौथी शिकलेल्या माणसाला ते मराठीत समजावून सांगावं लागतं. हे तिसरं सगळ्यात अवघड. इंग्रजी शाळेतून आलेली हुशार मुलं इथे अडतात. बीडची ती मुलगी अडली नव्हती.

थोडी जुनी गोष्ट काढते, कारण कामाची जागा म्हणजे कंपनी, इथवर झालेल्या या घसरणीलाही इतिहास आहे. कामगारांबरोबर काम करणं हा या राज्यात अभ्यासाचा विषय होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे, आणि आज परळची सरकारी श्रम विज्ञान संस्था त्यांच्याच नावाने आहे. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देशात पहिल्यांदा मुंबईत, १९३६ मध्ये सुरू झालं. कारखाने अधिनियम १९४८ ने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि श्रमकल्याण शिकलेल्या मुलामुलींना नोकरीची वाट मिळाली. पण तो अधिकारी पगार घेणार मालकाचा. हळूहळू श्रमकल्याणाच्या जोडीला कर्मचारी व्यवस्थापन आलं, मग नुसतं व्यवस्थापन राहिलं, मग एचआर झालं. एचआरमधली सगळीच माणसं वाईट नसतात, त्यातल्या काहींनी आम्हाला मोलाची मदत केली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. श्रमाचा अभ्यास करायला येणाऱ्या विद्यार्थ्याला टेबलाच्या एकाच बाजूला बसायची सवय आपण लावली. आता नव्या संहितेत कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आली आहे, म्हणजे या जागा वाढायला हव्यात. तिथे बसणाऱ्या माणसाने शिकत असताना एकदा तरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला १२० तास काढलेले असावेत, एवढं मागणं अवाजवी नाही.

आता पैशाचं.

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत २०२४ पासून मोठ्या पाचशे कंपन्यांमध्ये शिकणाऱ्या तरुणाला दरमहा ५,००० रुपये ठरले. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. शिकत काम करणाऱ्यालाही पोट असतं, हे तत्त्व दोन्ही सरकारांनी मान्य केलेलं आहे. फक्त जे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, श्रेयांकासाठी सामाजिक संस्थेत येतात, त्यांच्या बाबतीत मात्र समाजसेवा म्हटल्यावर पैसे कसले, असं धरून चालतात.

याचा परिणाम मी वीस वर्षं डोळ्यांनी पाहते आहे. बिनपैशाची इंटर्नशिप ज्यांना परवडते तीच मुलं आमच्याकडे टिकतात. ती चांगली असतात, मनापासून काम करतात, त्यातली काही माझी जिवलग सहकारी झाली. पण त्यांना मोळी, वाढं, कोपी, उचल हे शब्द शिकवावे लागतात. ज्यांना ते शिकवावे लागत नाहीत ती मुलं मॉलमध्ये बिलं करतात, रात्रीच्या पाळीला जातात, किंवा घरी पैसे पाठवायचे म्हणून डिलिव्हरीची गाडी चालवतात. हमालाच्या मुलाने हमालांचं, ऊसतोड्याच्या मुलीने ऊसतोड्यांचं काम हातात घ्यायचं तर पहिली अट ही की त्या १२० तासांत त्याचं जेवण आणि भाडं सुटलं पाहिजे.

त्यासाठी आपल्याला नवी योजना काढायलाही नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा मुलांनी अंगमेहनत करून शिकायचं हाच त्याचा पाया होता. त्या 'कमवा व शिका'चा वारसा आज आपल्या विद्यापीठांत योजना म्हणून चालू आहे. मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेत पाणी घालतात, कार्यालयात फायली लावतात आणि तासाप्रमाणे पैसे घेतात. माझी विनंती एवढीच आहे की विद्यापीठाने मान्य केलेल्या कामगार संघटनेत, सहकारी संस्थेत किंवा कामगार मंडळात केलेले तास 'कमवा व शिका'त धरावेत, आणि त्याच कामाचे श्रेयांकही द्यावेत. दोन्ही एकत्र का नाही, याचं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तासाचा दर मात्र राज्याच्या किमान वेतनाच्या खाली असू नये. श्रमाचा कायदा शिकायला पाठवलेल्या मुलाला त्या कायद्याखालचा दर न देणं मला फार वाईट वाटतं.

आणि इथे माझ्या स्वतःच्या लोकांशीही बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. आम्ही संघटनावाले, संस्थावाले दुसऱ्यांच्या किमान वेतनासाठी मोर्चे काढतो आणि आपल्याकडच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याला जे देतो त्याला 'मानधन' म्हणतो. या एका शब्दाखाली भविष्यनिर्वाह निधी नाही, बाळंतपणाची रजा नाही, आजारपणाची सोय नाही, हे सगळं झाकलं जातं. माझी पहिली सहा वर्षं अशीच गेली. माझ्या नवऱ्याची नोकरी होती म्हणून मी टिकले, ज्यांच्या घरात दुसरी नोकरी नव्हती त्या माझ्या मैत्रिणी गेल्या, आणि त्यातल्या दोघी माझ्याहून कितीतरी सरस होत्या. झोकून देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. १९७२ मध्ये शहाद्याला आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली तेव्हा आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतींच्या बरोबरीने शहरातली शिकलेली मुलं आपली कामं सोडून तिथे गेली, त्या काळाचं मोल मी जाणते. पण झोकून देणं ही नोकरीची अट होऊ शकत नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेचे कार्यकर्ते मजुराला मिळतं तेवढं किमान वेतन घेऊन काम करतात. ते निदान सगळ्यांना सारखं आणि उघड आहे. आम्हीही आमचे आकडे उघड मांडू, इंटर्नच्या कामाचे तास आणि काम लेखी देऊ, त्याला चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला ठेवणार नाही. लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ मध्ये प्रशिक्षणार्थीही येतात. तक्रार कुठे करायची हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी लिहून देऊ. विद्यापीठाने हे सगळं करारात घालावं आणि आम्ही पाळलं नाही तर आम्हाला यादीतून काढावं.

पालक विचारतात, पुढे काय? हा प्रश्न हलका नाही. त्या मुलीच्या वडिलांनीही फोनवर मला हेच विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं ते असं: कामगार खात्यात अधिकारी होता येतं, त्याच्या परीक्षा असतात. कारखान्यात कल्याण अधिकारी होता येतं. वकिली केली तर कामगार न्यायालयात जुन्या वकिलांच्या जागी नवे लोक फार कमी येत आहेत, जिल्ह्याला तर फारच कमी. माथाडी मंडळं आहेत, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, आणि या सगळ्यांना हिशेब आणि माणसं दोन्ही समजणारा माणूस लागतो. संघटनेत आलात तर पगार कमी आहे, तेही मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मुकादमाची वही वाचायला शिकली तरी लई झालं."

मी त्यांना सांगितलं नाही की ती मुलगी ते आधीच शिकली होती, त्यांच्याच घरात.

जूनमध्ये नवं सत्र लागेल. आमच्या संघटनेत चार विद्यार्थ्यांची सोय होऊ शकते: दोन अड्ड्यावर, एक कायद्याच्या कामाला, एक हिशेबाला. मार्गदर्शनाला मी स्वतः आहे. दुपारचं जेवण संघटना देईल, तासाचे पैसे 'कमवा व शिका'तून मिळावेत. आपल्यापैकी एका जरी विद्यापीठाने या चार जागांपासून सुरुवात केली तरी वर्षाअखेर काय जमलं, काय फसलं, याचा अहवाल मी आपल्या अभ्यासमंडळासमोर येऊन मांडीन. फॉर्मवरचा तो जीएसटीचा रकाना मात्र त्याआधी काढा, त्याला एक पैसाही खर्च नाही.

परवा त्या मुलीचा फोन आला होता. तिला एकच विचारायचं होतं, "मॅडम, त्या खाड्याचं काय झालं?" मी सांगितलं, मुकादमाला बोलावून घेतलं, वही समोर ठेवली, आठ दिवसांचा खाडा अर्धा करून घेतला. "आणि उचल?" म्हटलं, फिटली, उलट त्यांचेच थोडे पैसे निघाले. तिच्या मागे बिलिंगच्या मशीनचा टूं-टूं आवाज येत होता. गिऱ्हाईक आलं म्हणून तिने फोन ठेवला.

आपली,
असंघटित कामगारांच्या संघटनेतील एक कार्यकर्ती, पुणे